नाकाला पाणी बेतानं

बाबा,

त्या शनिवारी तुम्ही खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होतात, तेव्हा आईने जलरंगाच्या पेन्सिलींनी तुमचं चित्र काढलं. मग नेहमीसारखी हाक मारली, "अहो, उठा, ब्रशने रेघांना पाणी लावा. नाकाला जरा बेतानं, नाहीतर लाली कानापर्यंत जाईल."

तुम्ही म्हणालात, "एवढं मोठं नाक आहे का माझं? आधी ते खोड."

"खोडलं तर चेहऱ्यात उरेल काय?"

आपण तिघं हसत बसलो आणि पाणी लावायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

तेव्हापासून चित्र कोरडंच आहे. पाणी लागलं की तिच्या रेघा विरघळतील, म्हणून तुम्ही ब्रशला हात लावत नाही, हे मला कळतं. पण रेघा तिच्या आणि पाणी तुमचं, अशीच तर तुमची जोडी होती. अर्धं चित्र तिला कधी खपलं नसतं.

मी कामावर जातेय. ब्रश धुऊन टेबलावर ठेवलाय. पाणी ग्लासात आहे आणि चहा कपात. मागच्यासारखा ब्रश चहात बुडवू नका. नाक बिघडलं तर बिघडू द्या, मूळचंही काही फार बरं नाही.

आणखी एक. आपण दोघं एकमेकांसमोर उगाच फार शहाण्यासारखे वागतोय. आज तुम्ही अंघोळीला गेलात, तेव्हा मी चित्रासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आई, तुझ्याशिवाय मला करमत नाही गं."