केस क्रमांक एक

९ जाने.
एम.ए. मानसशास्त्राच्या फाइलसाठी नार्सिसिझमचे प्रकार वाचतेय. उघड प्रकार लगेच पटला: आमचे मामेसासरे, स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच बॅनर लावणारे. छुपा प्रकार मात्र दोनदा वाचला. वरून लाजाळू, जराशा टीकेनं घायाळ, दुसऱ्याचं कौतुक सहन न होणारा, अबोल्यानं शिक्षा करणारा. हा तर माझ्याच घरात. नवऱ्याचं नाव इथं नको, ह. पुरे. ही वहीही माझ्या शाळेतल्या कपाटातच राहील.

१४ जाने.
माझा शाळेत सत्कार झाला तेव्हा ह. अकरा दिवस बोलला नव्हता. बोलला तो ताट सारून, "मले कोण इचारते या घरात?" मीच माफी मागितली. कशाची, अजून ठाऊक नाही.
सगळं फाइलमध्ये लिहिलं, 'केस क्र. १' म्हणून. ओळख पटू नये म्हणून आमच्या धाड गावाचं उंद्री केलं, कॉलेजात शिकवणाऱ्या ह.चा दुकानदार केला. पुस्तक बजावतं, गुण दिसले म्हणजे विकार नव्हे, शिक्का आपण मारायचा नाही. मारला नाही. पण लिहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२ फेब्रु.
मूर्ख, मूर्ख मी. तपासलेली फाइल बुलढाण्याच्या अभ्यासकेंद्रातून जीपवाल्याकडे द्या म्हटलं. सगळे तसंच मागवतात. स्टँडवर गेले तर तो म्हणतो, "मॅडम, फाइल तं म्या सरजवळ देल्ली ना!" जसं काही माझं कामच वाचवलं.

३ फेब्रु.
फाइल टेबलावर. दोरीला ह.ची दुहेरी गाठ. आत मार्गदर्शक बाईंचा लाल शेरा: 'ही व्यक्ती घरातली तर नाही ना?'
ह. हसतमुख. चहासुद्धा त्यानंच केला. अबोल्याला मी सरावलेय, या चहाची भीती वाटते. लेकीला, चिऊला, माझ्या आईकडे पाठवू का? पण काय सांगून...

६ फेब्रु.
सकाळी डबा भरत होते. ह. मागे येऊन उभा. "त्या उंद्रीवाल्याचं मंग पुढं काय झालं? बरा होते का असा मानूस?"
विचारतोय की बजावतोय, आवाजावरून कळेना. डब्याचं झाकण लागेना. म्हटलं, "पुस्तकात बघून सांगते."
आता साडेचार. शाळा सुटून पोरं गेली. खिडकीतून दिसतंय, ह. फाटकाशी गाडी लावून उभा आहे. इतक्या वर्षांत कधी न्यायला आला नाही.