क्षमापत्रातील एक चुकीचे वाक्य

१७ ऑगस्ट, मंगळवार

रोझलिंड अमेलिया केसेनिख — तुला कळवण्याजोगी बातमी आहे, म्हणून पूर्ण नावानिशी लिहितो. राज्याच्या गव्हर्नरांनी मला क्षमा केली.

सकाळी साडेदहाला पाकीट आले. जाड कागद, सोनेरी शिक्का, आपल्या आडनावाचे स्पेलिंग बिनचूक. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये महापौरांच्या घराकडे निघालेल्या मोर्चावर मी व्हरांड्यातून तुझ्या वडिलांची बदके मारण्याची बंदूक रोखली, तो गुन्हा यापुढे घडलाच नाही असे समजायचे. जप्त केलेली बंदूक परत मिळेल. एकशेवीस तासांच्या समाजसेवेपैकी एकाहत्तर झाले होते. उरलेले एकोणपन्नास माफ.

समोरच्या कर्ट ड्रेमायरने त्या दिवशी पिस्तूल काढले होते. त्यालाही असेच पाकीट आले. अनवाणीच रस्ता ओलांडून आला. "एडमंड, सुटलो रे आपण! चार तारखेला हिरवळीवर मेजवानी. भाजलेल्या रिब्ज माझ्याकडे लागल्या. भाषण तू कर — फक्त राज्यघटना मध्ये आणू नकोस."

मी होकार दिला. तो गेल्यावर ध्यानात आले की येत्या गुरुवारी मला कुठेही जायचे नाही. ही गोष्ट मला मुळीच आवडली नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

तरीही गेलो.

तू गेल्यानंतर, वसंतात, न्यायालयाने मला पाच ठिकाणांची यादी दिली होती. गाडी लावायला जागा आहे एवढ्याच कारणाने मी चर्चच्या तळघरातले अन्नवाटप निवडले. तिथल्या प्रमुख श्रीमती व्हर्लीन टिब्स. शाळेची बस चालवतात, गुरुवारी हे काम पाहतात. पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले होते. "अच्छा, बंदूकवाले प्रोफेसर तुम्हीच. मी होते ना मोर्चात, अगदी पुढे. बसा. कांदे सोला." मी प्रोफेसर नसून शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे, हे मी आजवर चार वेळा सांगितले आहे. उपयोग नाही.

आज म्हणालो, शिक्षा माफ झाली.

"मग इथं काय करताय?"

"निरोप घ्यायला आलो."

"निरोप घ्यायला ॲप्रन घालून येतात होय? धरा, या बरण्या उघडा."

लोणच्याच्या आठ बरण्या उघडल्या. तीस वर्षे बसचे चाक फिरवून त्यांची मनगटे गेली आहेत. त्यावरूनच गोष्ट निघाली. नऊ सप्टेंबरला त्यांचा खटला आहे. आपल्या रस्त्याचे गेट तोडून आत घुसल्याचा आरोप — त्यांच्यावर आणि पुढच्या रांगेतल्या आणखी चौघींवर. "हे मनगट बघा. लोणच्याची बरणी उघडत नाही, आणि म्हणे लोखंडी गेट उचकटलं." सगळे तळघर हसले. मीही हसलो. मग त्या बटाटे मोजता मोजता सहज म्हणाल्या, "दोषी ठरले तर बस गेली. शाळेच्या बसवर गुन्हेगार ठेवत नाहीत."

मला पुढे हसता आले नाही.

२० ऑगस्ट, शुक्रवार

क्षमापत्र पुन्हा वाचले. तिसऱ्या ओळीत चूक आहे.

२२ ऑगस्ट, रविवार

ती ओळ अशी: 'जमाव बंद गेटचे कुलूप तोडून खाजगी रस्त्यावर शिरला असता'.

गेट बंद नव्हते.

आपला रस्ता खाजगी. एकेका घराने एकेक महिना गेटला कुलूप लावायचे, ही तुझ्या वडिलांच्या काळापासूनची पद्धत. जून आपला होता. त्या संध्याकाळी मी कुलूप घेऊन गेटपाशी पोचलो आणि तू खिडकीतून हाक मारलीस. नवे औषध पोटात ठरले नव्हते. मी कुलूप दांड्याला तसेच उघडे अडकवले आणि धावलो. गेटची बिजागरी तर फेब्रुवारीतच बर्फ काढणाऱ्या गाडीने वाकवली होती. गेटच्या वहीत ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

पोलिसाने विचारले, "गेट बंद होतं?" मी म्हणालो, "होते." एकच शब्द. पुढे तो कर्टचा झाला, वकिलांचा झाला, वर्तमानपत्रांचा झाला, आणि आता त्यावर सोनेरी शिक्का बसला आहे.

का बोललो नाही? कारण मग का लावले नाही तेही सांगावे लागले असते, आणि भर न्यायालयात तू, तुझे आजारपण, उशाशी ठेवलेले ते पातेले, हे सारे निघाले असते. असे मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे इतकेच, की मला लाज वाटली. पुराव्याशिवाय विधान केले म्हणून चौतीस वर्षे मी मुलांचे गुण कापले.

२४ ऑगस्ट, मंगळवार

भांडी धुण्याचे यंत्र माझ्या एकट्याच्या बशांनी भरायला सहा दिवस लागतात. या आठवड्यात सात लागले; जेवण जात नाही.

२६ ऑगस्ट, गुरुवार

श्रीमती टिब्स यांना दोन मिनिटे मागितली. त्यांनी कोठीत नेले. पीचच्या डब्यांच्या दोन भिंतींमध्ये उभे राहून सारे सांगितले.

"चौदा महिने?"

"होय."

"आणि त्यातले चार-पाच माझ्या बरण्या उघडत होतात."

"होय."

"आणि मी तुम्हाला बटर केक घालत होते. कडेचा तुकडा. कडेचा मी कुणाला देत नाही."

मी पीचच्या डब्यांची लेबले वाचू लागलो.

"माफ करता का, असं आज विचारू नका, प्रोफेसर. मला राग यायला वेळ लागतो, पण आला की मुक्कामाला असतो."

"विचारणार नाही."

"आणि मला सांगून काय उपयोग? गेट उघडं होतं हे मला ठाऊकच होतं. मीच ढकललं, एका बोटानं. जिथं सांगायचं तिथं सांगा."

दाराशी जाऊन त्या थांबल्या. "बायको आजारी होती, हे कधी बोलला नाहीत."

"ते तिचे खाजगी होते."

"उलटी झालेल्या बाईकडे नवरा धावला, याच्यात कोण काय नावं ठेवणार होतं हो?" मग लगेच, "बटाट्याचं पोतं घेऊन या बाहेर. आलाच आहात तर."

पोते पन्नास पौंडांचे होते. मला वाटते तिथे वीस पौंडांचेही होते.

३० ऑगस्ट, सोमवार

सरकारी वकिलांना जबानी लिहून दिली. गव्हर्नरांनाही पत्र टाकले: 'सोबतचे क्षमापत्र साभार परत. तिसरी ओळ वस्तुस्थितीस धरून नाही. दुरुस्त प्रत आल्यास स्वीकारण्याचा विचार करीन.' चार वेळा लिहिले. 'साभार' ठेवावे की नाही याचा निर्णय लवकर होईना.

कर्टला तोंडी सांगणे योग्य वाटले.

"वेडबिड लागलं काय तुला? कोणी विचारतंय का?"

"कर्ट, वाक्य चुकीचे आहे."

"अरे, शाळा सुटून बारा वर्षं झाली तुझी! आमचा विचार कर ना. उद्या माझाही कागद गेला म्हणजे?"

"तुझ्या पिस्तुलाबद्दल मी काहीही लिहिलेले नाही. गेटबद्दल लिहिले आहे."

"मेजवानीला येऊ नकोस मग."

दार आपटून गेला. दहा मिनिटांनी पुन्हा आला. पायांत या वेळी बूट होते. "रिब्ज पाठवीन. एकटा काय खाणार आहेस तू."

४ सप्टेंबर, शनिवार

हिरवळीवर संगीत. भाषण कर्टनेच केले. राज्यघटना त्याने मध्ये आणलीच, आणि चुकीचे कलम सांगितले. खिडकी लावून घेतली. सात वाजता दारात चांदीच्या कागदाखाली रिब्ज. उत्तम होत्या.

९ सप्टेंबर, गुरुवार

न्यायाधीश माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या एक बाई. मी गेटची वही सादर केली. कुलूप उघडे का राहिले, ते सांगितले. तुझ्याविषयी तीन वाक्ये बोललो, रोझलिंड. तिसऱ्या वाक्याला आवाजाने दगा दिला. बाईंनी पाणी मागवले. कोणी हसले नाही, कोणी कुजबुजले नाही. इतके दिवस ज्याला भ्यालो, ते पेलाभर पाण्यात संपले.

श्रीमती टिब्स आणि चौघी आरोपमुक्त. बस शाबूत.

नंतर न्यायाधीशांनी मला थांबवले. क्षमापत्र मी घेतले काय, न घेतले काय, ते बंदुकीपुरते आहे. पोलिसांना खोटे सांगितले तो गुन्हा निराळा. त्याची सुनावणी एकवीसला. मी म्हणालो, वर्गीकरण अचूक आहे.

२१ सप्टेंबर, मंगळवार

गुन्हा कबूल केला. दोनशे तास समाजसेवा.

ठिकाणाची काही पसंती आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "दोनशे? आम्हाला कोणी विचारलं का? एवढे कांदे नाहीत आमच्याकडे."

न्यायाधीश म्हणाल्या, "मग दुसरीकडे पाठवू का, श्रीमती टिब्स?"

"तसं कुठं म्हटलं मी? बरण्या साचल्यात."

त्या तिथे का आल्या होत्या, ते मी बाहेर पायऱ्यांवर विचारले.

"बघायला. शिक्षा होते का नाही ते." मग बसच्या किल्ल्या पर्समधून शोधत, "राग अजून आहे बरं का. गुरुवारी आठला या. साडेआठ म्हणजे आठ नव्हे."

घरी येईपर्यंत मी शीळ घालत होतो, हे मला गेटपाशी कळले. तू असतीस तर म्हणाली असतीस, सूर चुकतो आहे.

२३ सप्टेंबर, गुरुवार

दोनशेपैकी नऊ तास. तीनला श्रीमती टिब्स बसच्या फेरीवर गेल्या. जाताना तळघराच्या किल्ल्या माझ्यासमोरच्या कांद्यांत टाकल्या, काही बोलल्या नाहीत. पाच वाजता सगळे गेल्यावर दाराला कुलूप लावले. ओढून पाहिले. किल्ल्या त्यांच्या घरी नेऊन हातात परत केल्या.