भिंतीवरची मतदारयादी

बांगलादेश, जानेवारी १९७२

ती. दादांस लेक गहिनीनाथचा लांबूनच दंडवत.

लढाई संपली, मी धडधाकट हाय. आईचा गुडघा कसा हाय?

आमचा मुक्काम एका शाळेत हाय. तेरा महिन्यांमागं इथंच मतदान झालं. निवडून आलेल्या पुढाऱ्याला गादी मिळाली न्हाई, मत देणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. यादी अजून भिंतीवर हाय. शाळेचा म्हातारा शिपाई रोज ती मोठ्यानं वाचतो, दर नावाला थांबतो. कुणी ओ देत न्हाई.

काल मला राहवलं न्हाई, एका नावाला मीच बाहेरून ओ दिली. म्हातारा धावत दाराशी गेला.

आपल्या तिसगावच्या यादीत मेलेल्या आज्याचं नाव निघालं, तवा आपण लई हसलो हुतो.

मार्चात तिकडं मतदान हाय म्हनं. माझं नाव यादीत हाय का, तेवढं बघून कळवा.

तुमचा,
गहिनीनाथ