पिंपावर फोडलेला नारळ

दांडी,
रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय हिमानी,

पायांचे फोड बसले का? सकाळच्या धावण्यात अजून तूच पहिली येतेस ना? इकडे सगळे मजेत. तुमच्या वाळवणावर मांजरीचा डोळा आहे, आणि तुझ्या आईच्या निळ्या लुगड्यावर एक मोठा तपकिरी डाग पडला आहे. तो कसा पडला ते पुढे येईल. घाबरू नकोस, डाग आनंदाचा आहे. बहुतेक.

तुमच्या पोलीस ट्रेनिंग सेंटरात फोन मिळतो जेमतेम, आणि तेवढा वेळ आईचाच. म्हणून पत्र.

जाताना तू ताकीद दिली होतीस, "आपलं आईला मी आल्यावर सांगेन. तू एक शब्द काढायचा नाहीस. तू तापतोस आणि होणारं मोडतोस." ती ताकीद मी पाळली. कालपर्यंत.

आधी बिअरचं सांगतो. आमचे मालक धर्मेशभाई बोईसरच्या बिअरच्या कारखान्यात लाकडी पिंप आणणार होते, आठवतं? तू नाशिकला गेलीस त्याच आठवड्यात ते नाशिकच्या वाइनवाल्याकडून आलं. तू तिकडे, ते इकडे. त्यात आम्ही कडक ब्राऊन एल, म्हणजे तपकिरी बिअर, भरून ठेवली. लाकडात जितकी मुरेल तितकी चांगली. मी रोज कामावर गेलो की आधी पिंपाला कान लावायचो. माझ्या जोडीला काम करणारा अंकुश म्हणायचा, "आमच्या मासवण गावात गाभण गाईला असा कान लावतात. वासरू झालं की बोलव." कॉलेजात प्रॅक्टिकलला माझ्याच्याने उभं राहवेना, सरांशी भांडून मधेच बाहेर पडलो. पण या पिंपासाठी थांबायला शिकलो. निदान मला तसं वाटत होतं.

काल ते उघडायचं होतं. धर्मेशभाई म्हणाले, एवढ्या कडक बिअरबरोबर काहीतरी खारट हवं. मी लगेच म्हटलं, "दांडीच्या गोदूमावशीचे सुके बोंबील!" तुझ्या आईलाच तिथे आणायचं, हा माझा डाव होता. गावभर तुझी आई म्हणते, कुंदन दारू गाळतो. पोलिसिणीच्या घरी दारू गाळणारा जावई ती कशी करून घेणार? तेव्हा तिने एकदा येऊन बघावं. भट्टी नाही, काळे डबे नाहीत, सगळं स्टीलचं, धुतलेलं. बोलायचं काहीच नव्हतं गं, नुसतं दाखवायचं होतं.

ती टोपली घेऊन आली. पिंपाभोवती फिरली, ठोकून बघितलं. म्हणाली, "ही होडीच हाय. फक्त उलटी. आमी पाणी बाहेर ठेवतो, तुमी आत ठेवता." धर्मेशभाई खूश.

"हिला हळदकुंकू केलं?"

"नाही, मावशी," मी म्हणालो.

"नारळ?"

"नाही."

"मग उघडता कशे? लाज नाय वाटत?"

तिने अंकुशला नाक्यावर पिटाळलं. त्याने नारळ आणि पुड्या आणल्या. पिंपाला छान कुंकू लागलं. आता, नवी होडी पाण्यात लोटताना आपल्याकडे नारळ कुठे फोडतात? तिच्या तोंडावर. हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प उभा. तुझीच ताकीद! आईने नारळ उचलला आणि मी नुकत्याच ठोकलेल्या लाकडी तोटीच्या शेजारीच हाणला.

नारळ फुटला. तोटीही निघाली.

हिमानी, तपकिरी धार थेट तुझ्या आईच्या तोंडावर! धर्मेशभाई तळहात लावतायत, अंकुश अंगातला शर्ट काढून भोकात कोंबतोय, बोंबील पोहतायत. आणि मी ओरडलो. चारचौघांत, तुझ्या आईवर.

"काय केलंस हे मावशी! हिमानीला मागणी घालायची म्हणून इतके महिने जपलं, आणि तू एका नारळात घालवलंस!"

बोलून गेलो. मग कळलं काय बोललो ते.

भोकात बोट घालून बसलेला अंकुश तेवढा म्हणाला, "आधी बोळा द्या रे कुणीतरी. लग्न मग लावा."

आईने पुसायला पदर उचलला. पुसलं नाही. ओठ चाटले. पुन्हा चाटले.

"गूळ घातलाय?"

"नाय मावशी. जव भाजलेत."

"खोबरं करपल्यासारखं लागतं. मागनं लाकूड येतं, नव्या फळीचं." मग माझ्याकडे बघून, "ग्लासात दे ना. अंगावर घेऊन काय कळतंय?"

अर्धं पिंप वाचलं होतं. मीही घेतली. घाईने पहिला घोट गिळला तर नुसती कडू. दुसरा तोंडात धरला, तेव्हा खजूर आला, मग करपलेली साय, आणि सगळ्यात शेवटी लाकूड, सावकाश, ओल्या होडीत ऊन पडावं तसं. कान गरम झाले. वर बोंबलाचा तुकडा! धर्मेशभाईंनी डोळेच मिटून घेतले. तू हवी होतीस.

रिकामी टोपली उचलताना आई म्हणाली, "दारू गाळत नाय, ते बघितलं. ओरडतोस, ते पण बघितलं. पोरीला विचारलंस?"

"नाय."

"मग मला काय मागतोस? मी काय बोंबील विकते तशी पोरगी विकते? तिला लिही. मी फोनवर काय नाय सांगणार. आणि तिच्यावर असा ओरडलास तर ती तुला आत टाकील. जामीन मी देणार नाय."

पण नाक्यापर्यंत हसत गेली. अंकुशने पाहिलं.

तेव्हा विचारतो, आवाज खाली ठेवून. माझ्याशी लग्न करशील?

उरलेली बिअर बाटल्यांत भरली. एक तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. ठेवली तर ती आणखी मुरते, त्यामुळे तू हवा तेवढा वेळ घे. पिंपावरचं कुंकू धर्मेशभाई पुसू देत नाहीत. नाही म्हणालीस तर ती बाटली अंकुशला देईन आणि हसत हसत देईन. हे शेवटचं वाक्य खोटं आहे.

तुझं उत्तर येईपर्यंत या वेळी खरोखर गप्प,

तुझाच
कुंदन