आवाज राहू दे

३ तारीख, मंगळवार

पोचलो एकदाचा! बस सोडून चढ चढेपर्यंत छाती फुटायची वेळ आली. पण दारात ताई उभी होती. मला बघून ती अशी धावत आली की हत्यारांची पेटी मी रस्त्यातच खाली ठेवली. अकरा वर्षांनी भेट. तिचे केस पांढरे झालेत, असं मी म्हणालो, तर म्हणते कशी, ‘छोट्या, तुझे तर पांढरे व्हायलाही उरले नाहीत!’ हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी.

घर चढावरचं शेवटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बॅटऱ्यांची खोली आणि अंगणात भाऊजींनी स्वतः बनवलेली पवनचक्की. भाऊजी चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेले आणि त्यांच्या माघारी चक्की जाम झाली, म्हणून ताईने मला बोलावलं. मोटरी दुरुस्त करण्यातच माझा जन्म गेला. दुकान गेल्या वर्षी बंद केलं, बायको जाऊन तीन वर्षं झाली. मागे वाट बघणारं कोणी नाही. आणि ताईचा शब्द मी कधी मोडलेला नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमची आई ती ताईच.

४ तारीख, बुधवार

चक्कीचा खांब बुडाशी बिजागरीवर आहे, दोर गुंडाळायचा हातरहाट फिरवला की अलगद आडवा होतो. भाऊजींचं डोकं मानलं पाहिजे. पाती प्लॅस्टिकच्या जाड पाइपातून कापलेली, शेपटी जुन्या पत्र्याची, मोटर भंगारातल्या कुठल्याशा व्यायामाच्या यंत्राची. दोन्ही बेअरिंगं गंजून बसली होती. तेल सोडून, ठोकून मोकळी केली आणि खांब उभा केला. फिरली! पण काय तो आवाज! घर्रर्र करत खांब थरथरतो, खांबाबरोबर भिंत, भिंतीबरोबर फडताळातली भांडी.

ताई मात्र खूश. म्हणाली, ‘आवाज राहू दे. फिरते आहे ना, बास झालं.’

मी म्हणालो, ही माझ्या हाताची बेअब्रू आहे. मोटर म्हणजे घरची सून. दुखणं असतं भलत्याचंच आणि आवाज केला म्हणून बोल तिलाच. दुखणं शोधल्याशिवाय मी हलणार नाही.

ताई हसली नाही.

५ तारीख, गुरुवार

ताई बाजारात गेली तेवढ्यात काम उरकलं. जुनी बेअरिंगं ओढून काढली तर आत वाळू, वाऱ्याने गेली असेल; नवी बसवली, मोटरच्या बुडाखाली जाड रबराच्या चकत्या घातल्या म्हणजे थरथर खांबात उतरायला नको. आता पाती फिरतात आणि ऐकू येतो फक्त वारा.

दुपारी शेजारचे निवृत्त मास्तर मुद्दाम आले. चार महिन्यांपूर्वी ही चक्की अचानक बोंबलायला लागली होती म्हणाले. मध्यंतरी जाम झाली तेवढाच विसावा, काल पुन्हा सुरू झाली तेव्हा कपाळावर हात मारला. आज जेवून गाढ झोप लागली. माझा हात हातात धरून त्यांनी आशीर्वादच दिला.

ताई परत आली. फाटकातच थबकली, मान वर करून फिरणाऱ्या पात्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुक करेल. ती पिशवी तिथेच टाकून बॅटऱ्यांच्या खोलीत गेली आणि शिवणयंत्र चालवत बसली. अंधार पडेपर्यंत. जेवली नाही.

६ तारीख, शुक्रवार

तारा नीट बांधायला बॅटऱ्यांच्या खोलीत गेलो होतो. ताई अंगणात कपडे वाळत घालत होती. खोलीत शांतता. आणि खालून आवाज आला. टक. टक. टक. थांबून पुन्हा तीन.

शिवणयंत्राखाली जाड चटई आहे, तिच्या खालून. मी पायाने फरशीवर ठोकलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून वेड्यासारखं ठोकणं सुरू झालं, थांबेचना.

ताई ओल्या हातांनीच आत आली. म्हणाली, खाली पाण्याची जुनी टाकी आहे, कोरडी पडलेली. ऊन तापलं की पाइप वाजतात. आणि यंत्रावर बसून जोरजोरात पाय मारू लागली. सुईत दोरा नव्हता.

७ तारीख, शनिवार

सकाळी मास्तरांकडे जाऊन बसलो होतो. तिथेच तो आवाज पुन्हा ऐकला. घर्रर्र.

धावत आलो. वारा अजिबात नव्हता. तारेवरचे कपडे लोंबत होते, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि चक्की गरगरत होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वायर धरून मागे गेलो. बॅटरीतली वीज उलटी मोटरकडे जाऊ नये म्हणून मध्ये डायोड असतो. त्याला बगल देऊन कोणी तरी तार जोडली होती. चक्की बॅटरीवर चालत होती. आणि माझ्या रबराच्या चकत्या कचऱ्याच्या डब्यात, चिरून तुकडे केलेल्या. म्हणजे खांब आडवा करून, मोटर सोडवून, परत उभा केला. हे सगळं मी मास्तरांकडे होतो तेवढ्या वेळात. एकटीने.

आवाज तिला हवा आहे. कशासाठी, ते मला कळलंय. लिहवत नाही.

८ तारीख, रविवार

विचारलं. आधी नाही म्हणाली, मग माझ्या पायाशी बसली आणि रडली.

भाऊजी कुठेही गेलेले नाहीत. त्यांनी बॅग भरली होती, कायमचे निघाले होते. जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणून टाकी साफ करायला खाली उतरले असताना तिने शिडी ओढून घेतली. रागाच्या भरात. मग रोज वाटायचं, उद्या काढीन. पण काढलं तर ते काय करतील, लोक काय म्हणतील. म्हणून मोटरमध्ये वाळू टाकली, आवाज व्हावा म्हणून. रोज डब्यातून जेवण सोडते म्हणाली, अंघोळीचं पाणीसुद्धा गरम करून.

चार महिने! माझी ताई.

मी आत्ताच काढू म्हणालो. तिने हात जोडले. सकाळी, दोघं मिळून. तू बरोबर असलास तर ते मला मारणार नाहीत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिचा थोरला झालो.

९ तारीख, सोमवार

शिवणयंत्र बाजूला केलंय. झाकण उघडलं, शिडी सोडली. भाऊजी खाली आहेत, बोलत नाहीत, नुसते बघतात. पायात जोर नाही, त्यांना धरून चढवावं लागेल. ताई म्हणते, तू उतर, मी वरून शिडी धरते. हे लिहून, वही आणि पक्कड खिशात घालून उतरतो. पुढेमागे कोणी विचारलंच तर लिहिलेलं असावं.

सोमवारच

तिने शिडी काढून घेतली.

मला आधी वाटलं, हातातून निसटली. मी तिला म्हणालोही, ताई, सांभाळून.

सोमवार, नंतर

इथे एक दिवा आहे. भाऊजी म्हणाले, त्यांना अंधाराची भीती वाटते म्हणून तिने लावून दिला. वारा वाढला की उजळतो. माझ्याच दुरुस्तीने आता चांगला उजळतो.

तिने डबा सोडला. दोघांचा. वरून म्हणाली, छोट्या, पोटभर जेव. म्हणाली, अकरा वर्षांपूर्वी तूही बसमधून जाताना मागे वळून पाहिलं नव्हतंस. आता कसं घर भरल्यासारखं वाटतंय.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१० बहुतेक

ओरडून घसा गेला. वर घर्रर्र. दिवसभर.

भाऊजींनी सांगितलं. मोटर जाम झाली तेव्हा माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं. त्यांच्या मनात होतं, तो येईल, शांतता करेल, मला ऐकेल. तिने लगेच पत्र लिहिलं. भाऊजींना वाटलं, फसली.

माझा हात धरून रडले. मी म्हणालो, असू दे. दोघं आहोत. मार्ग काढू.

कधी ते कळत नाही

दिवा मंद होतोय. वारा पडलाय. बॅटरी उतरत आली असेल, म्हणजे ती मोटर फार वेळ चालवू शकणार नाही. भाऊजींकडे एक दगड आहे, ठोकून ठोकून गोल झालेला. मोटर थांबली की पाइपवर ठोकायचं. तयार बसलोय.

नंतर

थांबली. पूर्ण शांत.

आणि फाटक वाजलं. मास्तर! त्यांचाच खोकला. विचारताहेत, मिस्त्री कुठे आहेत, पुन्हा आवाज सुरू झाला म्हणून आलोय. ताई सांगते आहे, तो कालच गेला, त्याला काम

मी दगड मागितला. भाऊजी देत नाहीत.

मुठीत धरलाय. कुजबुजले. तिने कबूल केलंय त्यांना. मी जेवून डोळे मिटले होते तेव्हा. आज मास्तर येऊन गेले, खालून हूं की चूं झालं नाही, तर शिडी सोडणार. एकासाठी.

म्हणतात, चार महिने झाले रे. तू तर कालच आलास.

मास्तर अजून दारात आहेत, चपलांचा आवाज येतोय. मी ओरडतो, घशातून नुसती हवा. उरली आहे ती ही खिशातली पक्कड, तीच पाइपवर —

भाऊजी उठलेत. पायात जोर नाही असं वाटलं होतं. उठलेत. दगड घेऊन. डोळ्यांत पाणी आहे त्यांच्या, आणि हात वर केल