तिसरं अक्षर खाली

३ मार्च, मंगळवार

उघडलं एकदाचं! जहाजावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांचं स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ — तरुणपणी परदेशी बंदरात घेतलेलं, आता माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेलं. मागचं झाकण निघालं आणि मी बघतच राहिले. चाकं, तरफा, केसासारख्या स्प्रिंगा... एवढ्याशा जागेत अख्खं गाव नांदतंय! मधल्या पट्टीवर तीन बारीक रोमन अक्षरं. निर्यातीची खूण — माल कुठल्या देशात, कुठल्या व्यापाऱ्याकडे जायचा ते त्यावरून कळतं. आणि बनलंय कुठे? आपल्याच शहरातल्या कारखान्यात! तो बंद पडूनही जमाना झाला.

४ मार्च

सासूबाईंच्या बॅगा भरल्या. रविवारी मोठे भाऊजी त्यांना आपल्या घरी न्यायला येणार. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटतंय. सासरे गेल्यापासून आई खिडकीशी बसून असतात, तोंडातून शब्द नाही. दुकान सांभाळू की त्यांना?

६ मार्च, शुक्रवार

काय लिहू!

जेवताना ह्यांना घड्याळाबद्दल सांगत होते. खुणेचं नाव काढलं आणि आईंचा घास हातातच राहिला.

"तिसरं अक्षर खाली बसलंय का गं?"

बसलंय! केसभर. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग माझंच ते. डावखुरी ना मी, ठोकताना ठसा कलायचा. कारखान्यातले साहेब रोज ओरडायचे."

त्या कारखान्यात होत्या एवढं ठाऊक होतं. पण आम्ही समजत होतो, पॅकिंगमध्ये! लग्नापर्यंत ह्याच पट्ट्यांवर ठसे मारत होत्या. पट्ट्या ट्रेमधून पलीकडच्या हॉलमध्ये जायच्या. तिकडे आईंना मज्जाव. "आतून चालताना एकही घड्याळ नाही पाहिलं," म्हणाल्या. अगदी सहज — मीठ मागावं तसं.

७ मार्च

इंजिनिअरसाहेबांना फोन केला. "अहो, विचारता काय? दाखवा त्यांना!"

आईंना दुकानात नेलं. माझ्या खुर्चीवर बसवलं, डोळ्याला भिंग दिलं. बटण दाबलं — आत एकेक चाक जागं झालं. आई आणखी खाली वाकल्या. मग भिंग न काढताच, हळूच —

"एवढं सगळं माझ्या पट्टीखाली चालायचं?"

रोज उघडते मी ही यंत्रं. असं कधी पाहिलंच नव्हतं!

नंतर त्यांनी शेजारचा ट्रे ओढला आणि दुकान बंद होईपर्यंत सुटे स्क्रू निवडत बसल्या. मी अडवलं नाही.

८ मार्च, रविवार

भाऊजी आले. बॅग उचलली. आईंनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. "कुठे निघालास घेऊन? उद्या कामावर जायचंय मला."