अखंड की निरंतर

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
लिस्बनहून केंद्राचं परिपत्रक. ईमेलने. विश्व श्रमिक आंतरराष्ट्रीयचं अधिवेशन मे महिन्यात. किमान तीन सभासद असतील त्याच शाखेला मत. फॉर्म ३० तारखेच्या आत.
पुणे शाखेत सध्या मी (सचिव) आणि अस्मिता. एक कमी. किरकोळ अडचण! पहिल्या अधिवेशनाला जगभरातून अठ्ठावीस प्रतिनिधी आले आणि दुसऱ्या दिवशी फूट पडून दोन आंतरराष्ट्रीय झाल्या. आज सात आहेत. त्यातली खरी आमची.
संकल्प: महिनाअखेर दहा सभासद. रोज एक तास वाचन. चहा दोनच वेळा.

४ नोव्हेंबर
हिला म्हटलं, सभासद हो. म्हणाली, तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढली ती काय फॉर्म भरून? नकार समजलो. चहा चार वेळा. थंडी होती.

७ नोव्हेंबर
रशियन क्रांतीचा वर्धापनदिन. बुधवार पेठेत पत्रकं वाटली. एका मोबाइलवाल्याने पत्रकाच्या पाठीवर कव्हरचा भाव लिहून गिऱ्हाइकाला दिला. ते गिऱ्हाईक पत्रक घेऊन माझ्याकडे आलं, यात काही कमी होईल का विचारायला. जनसंपर्क सुरू झाला म्हणायचा.

९ नोव्हेंबर, रविवार
शाखेची बैठक, आमच्या हॉलमध्ये. अस्मिता आयटीत आहे. तिच्या कंपनीने ऐंशी जणांना एका मेलवर घरी बसवलं. शुक्रवारी गेटवर सभा आहे, काका, तुम्ही बोला, म्हणाली. मी म्हटलं, आधी जागतिक परिस्थितीचा ठराव. ती म्हणाली, जागतिक परिस्थिती शुक्रवारपर्यंत उरकेल ना? हल्लीच्या पिढीला फार घाई.

१२ नोव्हेंबर
तिसरा सभासद सापडला. रंगराव, वारजे. इतका सोपा उपाय, सुचला कसा नाही!
बाकी १९९४चं काही मनात नाही. तेव्हा शाखेत आम्ही दोघं केंद्राच्या पुस्तिकेचं भाषांतर करत होतो. मी म्हणत होतो ‘अखंड क्रांती’. रंगराव म्हणत होते ‘निरंतर’. अखंड म्हटलं की त्यांना हरिनाम सप्ताह आठवायचा. निरंतर म्हटलं की मला प्रौढ शिक्षणाचे वर्ग. शेवटी मी त्यांची हकालपट्टी केली, त्यांनी माझी. दोघांनी केंद्राला रजिस्टर्ड पत्रं टाकली. माझं आधी पोचलं असणार, मी जनरल पोस्टात जाऊन टाकलं होतं.
एकतीस वर्षं बोलणं नाही. आठवण वगैरे येत नाही. फक्त संध्याकाळच्या चहाला समोर भांडायला कोणी नसतं, तेवढंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर रंगरावांसाठी माघारीचं टिपण लिहिलं. सात खर्डे. संघटनेसाठी ‘निरंतर’ मान्य! माणसाने मोठं मन ठेवावं.
गेटवरची सभा राहिली. अस्मिताने फोटो पाठवला. तीनशे माणसं. आमच्या बॅनरशिवाय. तीनशे माणसांचं काय करायचं असतं? यावर टिपण लिहायला हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार
वारज्याला गेलो. रंगरावांनी स्वतः दार उघडलं. अहो, या या, म्हणाले. केस सगळे गेलेत. मी चष्मा दोनदा पुसला. बसची धूळ. त्यांच्या कपाटावर ‘पुणे शाखा’ अशी पाटी आणि शिक्का. बेकायदेशीर आहे, पण दुर्लक्ष केलं.
मी टिपण काढलं. त्यांनी खिशातून त्यांचं काढलं. त्यांनीही माघार घेतली होती! त्यांना ‘अखंड’ मान्य.
दोघंही हसलो. मग ते म्हणाले, तसा नीट विचार केला तर अखंडच बरोबर. मी म्हटलं, विचार मीही केलाय, निरंतरच. ते म्हणाले, निरंतर म्हणजे प्रौढ शिक्षण. अहो, हे माझं वाक्य! मी म्हटलं, अखंड म्हणजे सप्ताह. पाच वाजता त्यांनी माझी हकालपट्टी केली. पाच वाजून दोन मिनिटांनी मी त्यांची.
आतून चहाचा वास येत होता. न घेताच निघालो.

१८ नोव्हेंबर
अस्मिताचा राजीनामा, व्हॉट्सॲपवर. त्यांची युनियन झाली. काका, शनिवारी या, खुर्च्या लावायला माणसं कमी आहेत, असंही लिहिलंय. सचिवाला खुर्च्या!

२२ नोव्हेंबर, शनिवार
कंबर दुखत होती. नाहीतर गेलोही असतो.

२८ नोव्हेंबर
फॉर्म पाठवला. सभासद संख्या: ‘वाढती’. सोबत यंदाचा, म्हणजे एकतिसावा वार्षिक अहवाल.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६
केंद्राचं उत्तर. पहिल्यांदाच. १९९४ साली पुण्याहून दोन पत्रं एकाच टपालाने आली, केंद्राने दोन्ही हकालपट्ट्या मंजूर केल्या. तेव्हापासून पुण्यात शाखा नाही, सभासदही नाही. परिपत्रक मला न्यूजलेटरचा वाचक म्हणून आलं. वाचत राहिल्याबद्दल आभार.
ही म्हणाली, काय आलंय? मी म्हटलं, नेहमीचा पत्रव्यवहार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि न मागता चहा टाकला. पाचवा.
हे सांगायचं तर एकाच माणसाला. वारज्याला फोन लावला. रंगरावांनी उचलला. म्हणाले, हकालपट्टी झालेल्यांशी बोलणं नियमात बसत नाही, पुणे शाखेचा सचिव म्हणून सांगतोय. काय ताठ आवाज!
मेल समोर उघडी होती. वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं.
म्हटलं, बरोबर आहे तुमचं. आणि ठेवला.
पुण्यात एक तरी सभासद हवा.